व्यायामाचेही पारणे असते



आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे मांडायची पद्धत सासूबाईंपासूनची. ज्या दिवशी दूध घेतले नाही, त्या तारखेवर छोटी फुली मारायची. महिनाअखेर फुल्या मोजायच्या आणि तेवढे पैसे वजा करून दूधवाल्याला द्यायचे. दोन वर्षांपूर्वी त्याच दिनदर्शिकेवर मी आणखी एक फुली सुरू केली, हिरव्या पेनाची. ज्या दिवशी सकाळी चालायला गेले नाही, त्या दिवसाची.

गेल्या डिसेंबरच्या शेवटी वर्षभराच्या हिरव्या फुल्या मोजल्या. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षे उलटली, नोकरी कधी केली नाही, पण वर्ष संपताना ताळेबंद मांडायची खोड गेलेली नाही. फुल्या निघाल्या १३४. आकडा बघून वाईट वाटले. पण नुसती बेरीज म्हणजे हिशोब नव्हे, कोणती रक्कम कोणत्या खात्याची ते बघावे लागते. म्हणून एकेका फुलीचे कारण आठवून लिहून काढले.

पुतणीचे लग्न, ९ दिवस. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीची मुले आली, २० दिवस. जुलैमधला ताप, ८ दिवस. दशलक्षण पर्व आणि त्याच्या आगेमागचे दिवस धरून १२. दिवाळी, १२. बेरीज ६१.

मग उरलेल्या ७३ फुल्या कसल्या?

त्या होत्या कारण संपल्यानंतरच्या. लग्न उरकले, पाहुणे गेले, ताप उतरला, तरी मी चालायला गेले नव्हते ते दिवस. लग्नानंतरचे १०, सुट्टीनंतरचे १८, तापानंतरचे १२, पर्वानंतरचे २४, दिवाळीनंतरचे ९. म्हणजे ज्याला मी 'अडचण' म्हणत होते तिने माझे दोन महिने घेतले, आणि अडचण संपल्यावर परत सुरू न केल्याने त्याहून जास्त घेतले. हा हिशोब मी ह्यांना दाखवला. ते एवढेच म्हणाले, "म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त झालं." आज मला या व्याजाबद्दलच लिहायचे आहे.

आधी हे सांगते की मला याची एवढी काळजी का. माझ्या आईचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती. न्हाणीघरात पाय घसरला, एवढेच निमित्त. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण अंथरुणावरच्या दीड महिन्यात पायातली शक्ती गेली ती परत आली नाही. "आता बरं वाटू दे, मग चालते," असे ती रोज म्हणायची. चालल्याशिवाय बरे वाटणार नाही, हे आम्हा कोणाला तेव्हा कळले नाही. शेवटची चार वर्षे तिने मंदिराच्या शिखराकडे खिडकीतूनच हात जोडले.

दुसरे कारण आनंदाचे आहे. २०१८ मध्ये श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा आम्ही गेलो होतो. विंध्यगिरीच्या दगडात कोरलेल्या सहाशेहून जास्त पायऱ्या, अनवाणी चढायच्या. मी चार ठिकाणी बसत बसत चढले. सासूबाई डोलीतून आल्या. वर पोहोचल्यावर ५७ फुटांची ती मूर्ती समोर आली आणि मी दमले आहे हेच विसरले. महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी होतो, म्हणजे पुढचा २०३० च्या सुमाराला. तेव्हा मी सत्तरीच्या उंबरठ्यावर असेन. डोलीत बसण्यात काही कमीपणा आहे असे मी म्हणत नाही. पण जमेल तोवर माझ्या पायांनी चढायचे आहे. रोज आमराईत चक्कर मारते ती त्यासाठी. माझी साखरही सीमेवर आहे, डॉक्टरांनी गोळी पुढे ढकलली आहे ती चालण्याच्या भरवशावर.

एवढी दोन-दोन कारणे असून ७३ दिवस मी घरात का बसले? प्रामाणिकपणे सांगायचे तर आळस हे कारण कमी होते. खरी कारणे दोन.

पहिले, लाज. आमराईत आमचा सहा-सात जणींचा घोळका आहे. आठ-दहा दिवस गेले नाही की परत जायचे जिवावर येते. "काय वहिनी, दिसला नाहीत?" असे त्या प्रेमानेच विचारतात, पण आपल्याला उगीच गुन्हेगार असल्यासारखे वाटते. मग वाटते, सोमवारपासून जाऊ. सोमवार गेला की एक तारखेपासून.

दुसरे कारण म्हणजे थकबाकी. राहिलेले भरून काढायचे, ही कल्पना डोक्यात पक्की बसलेली असते. पंधरा दिवस गेले नाही, तर आता पहिल्या दिवशी नेहमीपेक्षा एक फेरी जास्तच मारायची. ही थकबाकी इतकी मोठी दिसते की भरायला जाण्याचीच भीती वाटते. गाठीशी पूर्ण रक्कम जमेल तेव्हाच बँकेत पाऊल टाकायचे म्हणणाऱ्या कर्जदारासारखे होते.

आणि एवढे करून मी गेले, तर काय झाले तेही ऐका. गेल्या वर्षी दशलक्षणात दहा दिवस एकाशन केले, अनंत चतुर्दशीला उपवास. पर्वात सकाळी सहाला अभिषेकाला जायचे, त्यामुळे चालणे बंदच. क्षमावाणी झाली आणि चौथ्या दिवशी मी उत्साहाने गेले. नेहमीचे चार किलोमीटर नेहमीच्याच वेगाने चालले, वर घोळक्यातल्या एकीच्या नादाने ओट्यावर चढ-उताराचा व्यायामही केला. दुपारपर्यंत उजवा गुडघा सुजला. त्या २४ फुल्यांतल्या बहुतेक त्या गुडघ्याच्या आहेत.

डॉक्टरांनी समजावले ते साधे होते. व्यायाम थांबला की आधी दम कमी होतो. दोन-तीन आठवड्यांत तो फरक जाणवायला लागतो. स्नायूंची ताकद त्यापेक्षा सावकाश उतरते, पण आजारपणात किंवा अंथरुणावर, आणि आपल्या वयात, तीही भरभर जाते. मन मात्र जुनाच आकडा धरून बसलेले असते. मनाला चार किलोमीटर आठवतात, गुडघ्याला त्या दिवशी झेपतात दोनच. त्यांनी एक दिलासाही दिला. पूर्वी कमावलेली ताकद परत मिळवायला पहिल्यांदा लागली होती तेवढी मेहनत लागत नाही. म्हणजे शून्यापासून सुरुवात नसते. मागची शिल्लक पुढे ओढलेली असते, फक्त ती सगळी पहिल्याच दिवशी खर्च करायची नसते.

घरी येऊन गुडघ्यावर शेक घेत बसले आणि स्वतःचेच हसू आले. कारण ही गोष्ट मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. आपल्या घरात ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिचे नाव पारणे.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कोणी आठ उपवास केले, कोणी दहा केले, तर पारण्याच्या सकाळी आपण त्यांच्यापुढे पुरणपोळीचे ताट ठेवतो का? मुगाचे कढण देतो, तेही वाटीभर. मग थोडा मऊ भात. दुसऱ्या दिवशी पातळ भाजी, फुलका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताट नेहमीसारखे होते. उपवास केलेला माणूस कितीही धडधाकट असो, आपण त्याचे ऐकत नाही. "दहा दिवसांचं जेवण भरून काढतो" असे कोणी म्हणाले, तर आपण त्याला वेड्यात काढू. आणि कढण पिणाऱ्याला "एवढंसंच?" म्हणून कोणी हिणवतही नाही. उलट अख्खे घर कौतुकाने भोवती बसते.

मग व्यायामाचा खाडा झाल्यावर आपण थेट पुरणपोळीवर का जातो?

आणि लाजेबद्दल म्हणाल, तर त्यावरही आपल्याकडे उत्तर आहे. व्रताला दोष लागला तर त्याला अतिचार म्हणतात, व्रत मोडूनच टाकले तर अनाचार. दोन्ही एक नाहीत. आणि प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मुळी परत येणे. चुकणार हे गृहीत धरूनच ती वाट घालून दिलेली आहे, आणि ती रोजची आहे, वर्षातून एकदाची नाही. सकाळच्या चालण्याला व्रताच्या बरोबरीला बसवावे, असे मी म्हणत नाही. शरीर हे साधन आहे, साध्य नव्हे, एवढे मलाही कळते. पण जी सवय आपल्याला मंदिरात लागली आहे, ती आमराईच्या फाटकाशी का सोडून द्यावी? चुकले, परत आले, पुढे चालले. क्षमावाणीला आपण गावभर क्षमा मागत आणि देत फिरतो. आठ दिवस चालायला गेलो नाही एवढ्यासाठी स्वतःला तेवढी देत नाही.

यंदा मी पारणे केले. पर्वाचा बारा दिवसांचा खाडा झाला होता. क्षमावाणीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारची वाट न बघता, पावणेसहाला बूट घातले. फक्त दहा मिनिटे चालले. घोळका अजून फाटकाशी गप्पा मारत होता तोवर मी परतीला लागले. एक काकू म्हणाल्या, "इतक्यात?" मी म्हटले, "आज पारणं आहे." त्यांना आधी कळले नाही, मग हसल्या. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे, नंतर वीस. पाऊस असला की गच्चीवर, कारण या दिवसांत वाटांवर शेवाळ असते, त्यात आपला पाय घसरतो आणि त्यातल्या जिवांनाही इजा होते. सातव्या दिवशी माझे नेहमीचे चाळीस मिनिटांचे चालणे पुरे झाले. गुडघा कुरकुरला नाही. गेल्या वर्षी या कामाला २४ दिवस लागले होते.

यातून मी माझ्यापुरता एक ठोकताळा बांधला आहे. जेवढे दिवस खाडा, साधारण त्याच्या निम्मे दिवस पारण्याचे. पहिल्या दिवशी नेहमीच्या पावपट. वेग असा की शेजारणीशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताना धाप लागली तर वेग जास्त झाला. वजनाचे, पायऱ्यांचे, उठाबशांचे व्यायाम दोन-तीन दिवसांनी सुरू करायचे, तेही निम्मे. ताप येऊन गेला असेल, तर ताप पूर्ण उतरून अंगात त्राण येईपर्यंत थांबायचे. छातीत दुखले, चक्कर आली, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर ठोकताळा गुंडाळून ठेवून डॉक्टरांकडे जायचे.

एक गोष्ट आपल्यासाठी खास. आपण सूर्यास्ताआधी जेवतो, चौविहार असेल तर रात्री पाणीही नाही. म्हणजे सकाळी सहाला चालायला निघतो तेव्हा पोटाला बारा तास होत आलेले असतात. ज्या साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांची साखर अशा वेळी एकदम उतरू शकते. त्यांनी चालण्याची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी, नाश्त्यानंतर किंवा संध्याकाळच्या जेवणानंतर गेले तरी चालते. चालणे महत्त्वाचे, पहाट नव्हे.

आता कोणी म्हणेल, दहा मिनिटे चालून काय होणार? खरे आहे, दहा मिनिटांनी शरीराला फार काही मिळत नाही. पण वाटीभर कढणाने तरी कोणाचे पोट भरते? कढण पोट चालू करण्यासाठी असते. पहिल्या दिवसाची दहा मिनिटे ही फुल्यांची रांग तोडण्यासाठी असतात. शिवाय उशीर करणे महागात पडते. एका व्यायामाचा साखरेवरचा चांगला परिणाम एक-दोन दिवसच पुरतो, म्हणूनच मधुमेहींनी सलग दोन दिवसांहून जास्त खाडा करू नये असे सांगतात. सोमवारची वाट बघत बसलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

उलट बाजूही सांगते, कारण मी त्या चुकीतूनही गेले आहे. तापानंतर दहा मिनिटांवर आले आणि महिनाभर दहा मिनिटांवरच राहिले. बरे वाटत होते, फुलीही पडत नव्हती. पण कढणावर कोणी महिना काढत नाही. पारणे संपले की ताटावर यायलाच हवे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम हवा, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम हवेत, आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचेही. पुढच्या वर्षी मीही त्या पासष्टीत येते. यात मला आवडले ते हे की हिशोब आठवड्याचा मांडला आहे. एक दिवस हुकला म्हणून आठवडा बुडत नाही. आता मी दिनदर्शिकेवर रविवारी आठवड्याच्या मिनिटांची बेरीज लिहिते. फुल्या बघून जीव खालीवर होत होता, तो बेरजेने होत नाही.

शेवटचा मुद्दा थोडा स्पष्ट बोलते. माझ्या ६१ फुल्यांची कारणे पुन्हा वाचा. ताप सोडला, तर लग्न, नातवंडे, पर्व, दिवाळी ही सगळी घराची कामे आहेत. त्या वीस दिवसांत, घरात तीन नातवंडे असताना, आमचे हे रोज सकाळी सहाला फिरायला जात होते. त्यांची एकही फुली नाही. मी त्या वेळी पाणी गाळून तापत ठेवत होते, मुलांच्या न्याहारीचे बघत होते. त्यात मला आनंदच होता, तक्रार नाही. पण बाईचा खाडा घरासाठी पडतो आणि भरून मात्र तिने एकटीने काढायचा, हा व्यवहार काही बरोबर नाही. नोंद एकाच बाजूला झाली, तर खाते जुळत नाही.

हे मी जानेवारीत त्यांना हिरव्या फुल्यांची ती दिनदर्शिका समोर ठेवूनच सांगितले. आवाज चढवला नाही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर गाळणे हातात घेऊन उभे. "हे कसं बांधायचं ते सांग," म्हणाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरचे पाणी त्यांनी गाळले. पहिल्या दिवशी निम्मे ओट्यावर सांडले. आता नीट जमते. सूनबाईनेही सांगून टाकले, "आई, पावणेसहा ते साडेसहा तुम्ही घरात नाही असं मी धरून चालते." यंदाचे माझे पारणे सात दिवसांत झाले त्यात गुडघ्यापेक्षा या दोघांचा वाटा मोठा आहे.

म्हणून माझे मत असे. व्यायामात खाडा पडणारच, संसारी बाईला तर पडणारच. तो पडू नये म्हणून शपथा घेण्यापेक्षा परत कसे यायचे ते शिकावे. कारण संपले की दुसऱ्याच दिवशी, थोडेसे, आणि घरच्यांच्या मदतीने. उपवासाचे पारणे घर करवते, तसेच व्यायामाचेही करवावे.

दिवाळी तोंडावर आहे. फराळ, निर्वाण लाडू, मुली-जावयांचे येणे, सगळे आहे. माझ्या दिनदर्शिकेवर पुन्हा फुल्या पडणार, हे मला आत्ताच माहीत आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसावर मात्र मी आजच हिरव्या पेनाने 'पारणे' असे लिहून ठेवले आहे. ह्यांनी ते वाचले आणि शेजारी आपल्या निळ्या पेनाने लिहिले, 'पाणी माझ्याकडे'.

माझ्या लिहिण्यात कोणाला काही लागले असेल, तर उत्तम क्षमा.